आधी गॅस बंद

आमच्या तीन बिल्डिंगांना वाडी म्हणायला सुरुवात माझ्या नवऱ्यानं केली. ओमानात, अल खौदमधे, जिथं युनिव्हर्सिटीची पोरं शावर्मा खायला गर्दी करतात, त्या गल्लीच्या टोकाला या बिल्डिंगा आहेत. त्यांत गुहागर, दापोली, रत्नागिरी, श्रीवर्धन अशी सगळी किनारपट्टी भाड्यानं राहते. मधे एक मोकळी जागा आहे, झाड ना झुडूप, नुसती खडी. रमण म्हणाला, "मधे अंगण आहे, तिन्ही बाजूंनी नसत्या चौकशा आहेत, मग वाडीच की ही." तेव्हापासून पत्ता सांगतानासुद्धा लोक खौदवाडी म्हणतात. टॅक्सीवाल्याला ते कळत नाही हा भाग वेगळा.

वाडी म्हटल्यावर बातम्या आल्याच, आणि त्या माझ्या गळ्यात पडल्या. दर शुक्रवारी सकाळी मी ग्रुपवर खबर टाकते. कोण गावाहून आलं, कोण निघालंय आणि त्याच्या बॅगेत जागा आहे का, कुणाचं पोर दहावीला पास झालं, पाण्याचा टँकर का आला नाही, हळदीकुंकू कुणाकडे आणि इफ्तार कुणाकडे. मनालीच्या सासूबाई तीन महिने राहून पुण्याला परतल्या तेव्हा मी 'मनालीचं मनःपूर्वक अभिनंदन' असं लिहिलं होतं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, मग आपणच हसत कोथिंबीर मागायला आली. मला लोक फटकळ म्हणतात. म्हणोत. फटकळ माणसाच्याच बातम्या लोक वाचतात.

वाईट बातमी मात्र मी ग्रुपवर टाकत नाही. त्याला कारण सुगंधा आहे. ती तळमजल्यावर राहते. काही वर्षांपूर्वी भजी तळताना तिनं फोन उघडला, आणि तिच्या भावाचा फोटो हार घातलेला समोर आला. गावच्या कुणा शहाण्यानं तो सगळीकडे पाठवून दिला होता. ती जागच्या जागी कोसळली, कढई तिच्या हातावर आली, पडद्यानं पेट घेतला. हाताचा डाग अजून आहे. ती फुल बाह्यांचाच ड्रेस घालते.

त्या संध्याकाळी गुलबानूचाचीनं मला बोलावून घेतलं. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, मूळची रत्नागिरीजवळच्या खाडीवरची. तिचे मियाँ, हुसैनचाचा, यांचं गाला नावाच्या भागात गॅरेज आहे. चाची म्हणाली, "आजपासून अशी खबर फोनवर पोचायची नाय. माणसान् माणसाला सांगायची. तुज्याकडं आली की तू माज्याकडं ये. म्होरचा माजा."

मग तशी पद्धतच पडली. ओमानमधल्या आमच्या लोकांच्या गावाकडच्या घरी माझा नंबर आहे. काही झालं की आधी मला फोन येतो. मी दोन जिने चढून चाचीचं दार वाजवते आणि नाव सांगते. ती हातातलं काम टाकते, आपली शेगडी बंद करते, ओढणी घेते आणि चाचांना हाक मारते. मग दोघं मिळून त्या घरी जातात. तिथं गेल्यावर चाची कुणाशी काही बोलण्याआधी सरळ स्वयंपाकघरात शिरते आणि गॅस बंद करते. मग त्या माणसाला खुर्चीवर बसवते, त्याचं मनगट धरते आणि एका वाक्यात सांगते. चाचा मागे उभे असतात. तिकीट, पासपोर्ट, अर्बाबला, म्हणजे मालकाला, फोन करून सुट्टी, ही सगळी धावपळ त्यांची.

'सिरियस आहे, लगेच या' असल्या थापा चाचीला मुळीच खपत नाहीत. "तो बिचारा विमानात बसून नवस बोलतो. कशाला त्याला फशिवता?" असं ती म्हणते. माझ्या आईचं मला तिनंच सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. ती आत आली, गॅस बंद केला, मला बसवलं. "प्रेमा, तुजी आय सकाळी गेली." बस्स, एवढंच. मला एकदम काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "शाल होती का तिच्या अंगावर?" आईला थंडी सोसायची नाही. चाची म्हणाली, "व्हती. चांगली गुंडाळलेली व्हती." त्या शालीवर मी विमानातला सगळा प्रवास काढला. नंतर एकदा चाची मला म्हणाली होती की पहिल्यांदा सगळे असंच काहीतरी बारीकसं विचारतात. कसं झालं, काय झालं, हे मग.

याचा परिणाम असा झाला की चाचा-चाची जिन्यात जोडीनं दिसले की वाडीचा श्वास अडकायचा. कोणत्या मजल्यावर पावलं थांबतात ते प्रत्येकजण दाराआडून ऐकायचा. दोघांनाही हे ठाऊक होतं. म्हणून ईदला शीरखुर्मा द्यायलासुद्धा ते जोडीनं यायचे नाहीत. आधी चाचा येऊन गळाभेट घेऊन जायचे, आणि थोड्या वेळानं चाची वाडगा घेऊन यायची. नवरा-बायको सणाच्या दिवशी वेगवेगळे फिरतात म्हणून नवीन भाडेकरूंना वाटायचं की यांचं भांडण आहे. रमण चाचांना थट्टेनं म्हणायचा, "चाचा, तुम्ही आमच्याकडे एकटेच या हं. चाचीला घरी ठेवा." चाचा हसायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुफियान इब्रा या गावात नोकरीला होता, तिथल्या सूकजवळच्या, म्हणजे बाजाराजवळच्या, एका टायरच्या दुकानात मॅनेजर. गुरुवारी नाहीतर शुक्रवारी घरी यायचा. अंगानं आडवा, तोंडानं गोड. वाडीतल्या सगळ्या आयांना वाटायचं की आपल्या मुलांनी याच्यासारखं व्हावं, आणि सगळ्या मुलांना वाटायचं की आपण त्याच्या गाडीत बसावं. दरवर्षी थंडीत आमचे वाडीचे खेळ होतात, लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत आणि शेवटी रस्सीखेच. रस्सीखेचीत आमच्या बिल्डिंगचा शेवटचा माणूस सुफियान. तो दोर कमरेला गुंडाळून पाय रोवून बसला की समोरचे अर्धे तिथंच हरायचे.

या वर्षीचे खेळ जानेवारीतल्या एका शुक्रवारी होते. मी सकाळच्या खबरेत लिहिलं होतं, 'बी बिल्डिंगने रस्सीखेचीला यायचे कष्ट घेऊ नयेत, सुफियान येतो आहे.' त्याखाली बी बिल्डिंगवाल्यांनी नाही नाही ते लिहिलं. सुफियाननं नुसता हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, 'अम्मीची सांदणं झाली का?'

सांदणं म्हणजे तांदळाची, नारळाच्या रसातली, वाफवलेली. चाची खेळांच्या दिवशी सगळ्या वाडीसाठी करते. सकाळपासून जिन्यात त्या वाफेचा वास भरून होता.

जुम्म्याची नमाज होऊन लोक परतले होते. रमण अंगणात चुन्यानं रेघा मारत होता आणि मनाली शिट्टी वाजवून पोरांना रांगेत उभं करत होती. मी बक्षिसांना कागद गुंडाळत होते. फोन वाजला. झैनचा होता. झैन सुफियानचा रूममेट, त्यांच्याच गावचा. मला वाटलं, येतोय म्हणून सांगायला केला असेल.

"प्रेमाताई," तो म्हणाला आणि पुढे काही बोलेना. मी त्याच्यावर खेकसले की बोल बाबा, मला कामं आहेत. या एका खेकसण्याबद्दल मी त्याची नंतर माफी मागितली.

तो रडत रडत सांगायला लागला. सुफियान जुम्मा झाल्या झाल्या निघाला होता. जेवून जा म्हटलं तर म्हणाला, अम्मीची सांदणं खायची आहेत, पोटात जागा हवी. इब्र्याच्या बाहेर पडून थोडं अंतर गेला नाही तोच पुढचा टायर फुटला आणि गाडी उलटली. पोलिसांनी दुकानावर फोन केला. "मी हॉस्पिटलात जाऊन बघून आलो, ताई. त्याशिवाय तुम्हाला सांगितलं नसतं. सुफियानच आहे. खलास झालं."

टायर विकणारा मुलगा टायर फुटून गेला. मला त्या क्षणी देवाचा इतका राग आला की हातातला कागद मी चुरगाळून फेकला.

"आणखी कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"घरी अब्बांना फोन केला. मला राहवलं नाही."

म्हणजे खाडीवरच्या त्या गावात आता घराघरात कळलं होतं. तिथून चाचीला फोन यायला कितीसा वेळ लागणार? कुणीतरी आते-मामी फोन उचलल्या उचलल्या हंबरडा फोडेल, आणि चाची पेटत्या शेगडीपाशी एकटी असेल. तिनं आम्हाला कुणाला असं ऐकू दिलं नव्हतं. तिला असं ऐकायला लागता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी आधी ग्रुप बंद केला, म्हणजे माझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही असा. मग रमणला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं चुन्याचा डबा खाली ठेवला. चाचा गालाला गॅरेजवर होते, एका माणसाची गाडी अडली होती म्हणून जुम्म्यानंतर तिकडेच गेले होते.

"मी जातो," रमण म्हणाला. "त्यांना तिथंच खुर्चीत बसवून सांगतो. खोटं सांगून गाडीत घालणार नाही. आणि गाडी मी चालवीन."

"आणि चाचीला?"

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. तो निघून गेला. मला त्याचाही राग आला, पण त्याचं चुकलं नव्हतं. वाडीत पद्धत ठरलेली होती. खबर आली की प्रेमानं जिना चढायचा.

मनाली शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण सगळं कॅन्सल करूया ना? मी अनाउन्स करते."

"मुळीच नाही. चाचीच्या स्वयंपाकघराची खिडकी इकडेच आहे. शिट्टी थांबली तर ती खिडकीत येऊन बघेल, आणि तुझं तोंड बघून तिला कळेल. मी वर पोचेपर्यंत खेळ चालू ठेव."

"प्रेमा, मला नाही जमणार गं."

"जमव," मी म्हटलं.

तिनं जमवलं. पुण्याची, नाजूक, मी जिची इतकी टिंगल करते ती मनाली डोळ्यांतून पाणी गाळत शिट्टी वाजवत राहिली. "यल्ला, यल्ला, लाइनीत उभे राहा," असं ओरडत राहिली. पोरं चमचे तोंडात धरून पळत होती. त्यांचे आईबाप हसत होते. मी जिन्याकडे चालायला लागले.

जिना चढताना मी वाक्य जुळवत होते. चाची करते तसं, एकच वाक्य. नाव आणि गेला. धीर धरा, देवाची मर्जी, असलं काही नाही. पहिल्या मजल्यावर ते मला पाठ होतं. दुसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट आहेत. समोरचं कुटुंब डिसेंबरात कायमचं गावी गेलं, त्यांच्या दारावर मालकानं कुलूप घालून 'भाड्यानं देणे' ची पाटी लावली आहे. मी चाचीचं दार वाजवलं.

तिनं दार उघडलं. हात पिठाचे, कपाळावर घाम, मागे सांदणांची वाफ. माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं. माझं हे तोंड तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. कितीदा तरी मी याच तोंडानं या दारात आले होते.

"खबर हाय?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"या अल्ला. आज खेळाच्या दिवशी." ती वळली, आत गेली. सांदणांचं भांडं उतरवल्याचा आवाज आला, आणि मग शेगडीचं बटण फिरवल्याचा. हात धुऊन ती बाहेर आली, खुंटीवरची ओढणी घेतली, चपला सरकवल्या. "हे गालाला गेलेत. त्यांची वाट बघायला नको, फोन आधी पोचंल. आपुन दोगीच जाऊ. कोनाच्या घरी जायाचा हाय?"

तेव्हा मला कळलं की तिनं काय समजून घेतलं आहे. मी तिला दुसऱ्या कुणासाठी बोलवायला आले आहे, असं तिला वाटलं होतं. दुसरं काय वाटणार? आजवर मी प्रत्येक वेळी त्याचसाठी आले होते.

आतल्या खोलीत तिचा फोन वाजायला लागला.

"वाजू दे," ती म्हणाली. "गावचा असंल. माज्या मामेभावाच्या पोरीचा लगीन ठरतंय. मग बोलीन." आणि ती मला ओलांडून जिन्याकडे निघाली. "सुगंधाकडं काय गो? तिची सासू आजारी व्हती. बिचारीन् एकदा भोगलंय. तिचा हात धरायचा तर बेतानं धरायला लागंल."

जी बाई भर ग्रुपवर लोकांची साल काढते, तिच्या तोंडातून एक शब्द फुटेना. चाची अर्धा जिना उतरली. फोन थांबला आणि परत वाजायला लागला. मी मागून येत नाही हे तिच्या लक्षात आलं. तिनं कठड्याला धरून वर पाहिलं.

"अगो बाय, नाव जमत नसंल तर मजला तरी सांग. वरचा का खालचा?"

"हाच," मी म्हटलं.

तिनं आधी समोरच्या दाराकडे पाहिलं. कुलपाकडे, पाटीकडे. मग आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं. खाली मनालीची शिट्टी वाजली आणि पोरांनी एकच गलका केला.

चाची वर आली. एकेक पायरी, कठड्याला धरून, म्हाताऱ्या बाईसारखी. मघाशी ती तशी उतरली नव्हती. ती माझ्या अंगावरून घरात गेली, सरळ स्वयंपाकघरात. मी मागोमाग गेले. तिनं शेगडीच्या बटणाला हात लावून पाहिला. ते बंदच होतं. तिनं ते पुन्हा एकदा बंद केल्यासारखं दाबलं. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसली, चपला तशाच पायात, आणि आपलं मनगट माझ्यासमोर धरलं.

फोन वाजतच होता.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि ते मनगट धरलं. धुतल्या हाताचा ओलसरपणा अजून होता त्याला. किती जणांना या हातानं धरून ठेवलं होतं, मला धरून ठेवलं होतं.

"चाची, तुमचा सुफियान दुपारी गेला."

ती ओरडली नाही. तिनं सांदणांच्या भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारेल, कसं झालं, कुठं झालं. त्या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती.

"जेवला व्हता?" तिनं विचारलं.

झैनचं बोलणं माझ्या कानात होतं. पोटात जागा हवी, असं म्हणून तो निघाला होता. चाचीच्या घरात, चाचीसमोर, खोटं बोलायचं नाही हा तिचाच नियम होता. आणि त्या क्षणी मला माझ्या आईची शाल आठवली. आई त्या सकाळी गेली तेव्हा गावच्या घरात तिच्याजवळ कुणी नव्हतं. ती एकटीच होती. मग तिच्या अंगावर शाल होती हे अल खौदमधल्या गुलबानूचाचीला कुणी सांगितलं असणार? इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

"हो चाची," मी म्हटलं. "पोटभर जेवून निघाला होता. झैननं वाढलं त्याला."

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. ती हे खोटं ओळखणार नाही, असं होणारच नव्हतं. तिच्या मनगटावरचा माझा हात तिनं सोडवला, आणि मग आपणच माझं मनगट धरलं, घट्ट.

"बरा झाला," ती म्हणाली. "उपाशी नाय गेला."

मग ती रडायला लागली.